वॉटर पार्कमध्ये कळण्याची भाकरी

वॉटर पार्कमधलं जेवण म्हणजे काउंटरवर कुपन घ्यायचं, ओल्या हाताने कागदी द्रोणातला पुलाव धरायचा आणि प्लास्टिकची खुर्ची कधी रिकामी होते याची वाट बघत उभं राहायचं, हे आपण सगळ्यांनी धरूनच चाललेलो असतो. बाहेरचा डबा आत नेऊ देत नाहीत. म्हणजे पोरं पाण्यात आणि सोबत आलेली म्हातारी माणसं वेफर्सच्या पुड्यावर. म्हणूनच जळगाव जिल्ह्यातल्या ज्या पार्कमध्ये आम्ही मे महिन्यात गेलो होतो, तिथल्या टेबल-खुर्चीवर बसून जेवायच्या हॉटेलबद्दल जरा सविस्तर लिहिते. नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे. ती व्यवस्थापनाकडे लेखी दिली आहे आणि उत्तर अजून यायचंय.

आम्ही अमळनेरहून गेलो होतो: आमचं कुटुंब, दीर-जाऊ, मुलं आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे पाण्यात उतरायचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडच्या मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीत आहे, पारा 44-45 च्या घरात. झाडाखालच्या बाकावरही दुपारी बसवत नाही. अशा वेळी हे हॉटेल त्यांना खरा आधार झालं. हॉटेलचे दोन भाग केलेत. ओल्या कपड्यांत येणाऱ्यांसाठी शहाबादी फरशीचा मोकळा व्हरांडा, वर मोठे पंखे. कोरड्या माणसांसाठी आत एसी. ही सोय ज्याने केली त्याला मी मनापासून मानते. पाण्यातून निघालेली पोरं थेट एसीत बसवली की संध्याकाळपर्यंत शिंका सुरू होतात, हे घरातल्या बाईला कळतं, पण हॉटेल बांधणाऱ्याला सहसा सुचत नाही. आम्ही दोन्ही भागांच्या मधल्या दाराजवळचं टेबल मागून घेतलं. सासूबाई आतल्या बाजूला, पोरं बाहेरच्या.

रविवार होता आणि गर्दी भरपूर. ऑर्डर यायला पाऊण तास लागेल असं आधीच सांगितलं, ते मला आवडलं. सासूबाईंना जेवणाआधी मधुमेहाची गोळी घ्यावी लागते, त्यामुळे जेवण समोर आल्याशिवाय ती घेता येत नाही. हे वेटरला सांगितलं तर त्याने त्यांची भाकरी आधी टाकायला लावली आणि तोवर ताक आणून ठेवलं. मेनूत कळण्याची भाकरी बघून सासूबाईंचा विश्वासच बसेना. त्यांनी त्याला सरळ अहिराणीत विचारलं, "भो, भाकर खरंच कयनानी शे का?" तोही हसून म्हणाला, "शे ना माय, आतेच थापेल शे."

आणि होतीही खरीच. ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ असलं की भाकरीला जो काळपट रंग येतो, तो होता. वरचा पापुद्रा टम्म फुगलेला, कडा कुठेही फाटलेली नाही. मोडली तर आतून वाफ आली. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यावर शेंगदाण्याचं कच्चं तेल, कांदा आणि लिंबू. भाकरी 35 रुपये. घरच्या हिशोबाने महाग वाटेल, पण पार्कच्या आत एवढ्या पैशात धड सँडविचसुद्धा मिळत नाही. सासूबाईंनी दुसरी भाकरी मागितली, यावरून काय ते समजा.

शेवभाजी 180 रुपये प्लेट. रस्सा आणि शेव वेगवेगळी आणतात आणि आपल्यासमोर जाडी तिखट शेव रश्श्यात घालतात. हेच बरोबर आहे. आतूनच मिसळून आणलेल्या शेवेचा टेबलावर येईपर्यंत लगदा होतो. वाटण भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं होतं आणि काळा मसाला जपून घातला होता, त्यामुळे रश्श्यावर तर्री असूनही घशाशी जळजळ नाही. पोरांनी नूडल्स आणि पावभाजी घेतली, ठीक होती.

भरीत मात्र उन्हाळ्यात मागवू नका. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि मेनूवर मोठ्या अक्षरांत 'जळगावचं भरीत' लिहिलेलं आहे. पण ते हिरवट पांढऱ्या रेषांचं मोठं वांगं हिवाळ्याचं. थंडीत शेतात कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळक्या काड्यांवर भाजायचं, लाकडी भांड्यात ठेचायचं, मिरची-लसणाची फोडणी, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून कांद्याची पात. त्याचा धुराचा वासच अर्धं जेवण असतो. इथलं वांगं गॅसवर भाजलेलं, बियाळ आणि पाणी सुटलेलं. आमच्याकडे आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं खात नाहीत, आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून मगच सुरुवात. ज्या पदार्थाचा एवढा मान आहे, तो बाराही महिने विकू नये. मेनूवर सरळ 'फक्त हिवाळ्यात' असं लिहावं. बाहेरगावची माणसं पहिल्यांदा हेच खाणार आणि भरीत असंच असतं असं समजून परत जाणार, याचं मला फार वाईट वाटतं.

बिलात सेवाशुल्क लावलेलं होतं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते आपोआप लावता येत नाही. द्यायचं की नाही, हे आपण ठरवायचं. काढायला सांगितलं, काढलं. वेटरच्या हातात वेगळे पैसे ठेवले, ते त्याने कमावलेच होते.

आता तक्रार. मोबाईल-पाकीट लॉकरमध्ये असल्याने आत सगळा व्यवहार पार्कच्या कार्डावर चालतो. आधी पैसे भरायचे, उरलेले जाताना परत घ्यायचे. पण परताव्याची खिडकी साडेपाचला बंद होते आणि पाणी सहापर्यंत सुरू असतं. आमचे 260 रुपये त्यात अडकले. आमच्या मागे आणखीही कुटुंबं तशीच उभी होती. ही खिडकी पार्क रिकामा होईपर्यंत उघडी असायलाच हवी. शिवाय जे पाण्यात उतरणारच नाहीत, अशा वयस्कर माणसांकडून पूर्ण तिकीट घेतात. त्यांच्यासाठी कमी दराचं तिकीट ठेवा, असंही अर्जात लिहिलंय.

जाणार असाल तर आत शिरल्या शिरल्या हॉटेलात जाऊन मधल्या दाराजवळचं टेबल सांगून ठेवा, आणि भाकऱ्या किती लागतील तेही. वरण-बट्टी फक्त आधी सांगितली तरच करतात. कार्डात एकदम मोठी रक्कम भरू नका, लागेल तशी भरा, आणि पाचलाच एका माणसाला खिडकीवर पाठवा.