७५ इंची टच बोर्ड: दहा महिने सांभाळल्यावर

बेळगावकडच्या खानापुरातल्या आमच्या पदवी कॉलेजात गेल्या जूनमध्ये दोन वर्गांत ७५ इंची टच पॅनेल बसले. मी कॉम्प्युटर लॅबचा सहायक, म्हणजे कुठल्याही वर्गात काही अडलं की हाक मलाच. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. माझं रडगाणं तिच्यापुरतं नाही.

चित्र झकास. प्रोजेक्टरसाठी खिडक्या झाकायच्या आणि अंधारात मागच्या बाकांनी डुलक्या काढायच्या, ते संपलं. आवाज मात्र बेताचाच. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की आतले स्पीकर असून नसल्यासारखे. अडगळीतला जुना अॅम्प्लिफायर पुन्हा जोडला.

"टच चालंना झालाय" ही रोजची हाक. एचडीएमआयमधून लॅपटॉपचं चित्र आणि आवाज बोर्डावर जातो, बोटाची खूण उलट लॅपटॉपकडे न्यायला वेगळी यूएसबी केबल लागते. सर पेनड्राइव्ह घालायला नेमकी तीच उपसतात.

एका वर्गात टेबलापासून भिंतीच्या कडेने बोर्डापर्यंत १५ मीटर केबल. साध्या तांब्याच्या केबलवर फोर-के, म्हणजे सगळ्यात बारकाव्याचं चित्र लुकलुकायचं, रिझोल्यूशन उतरवलं की थांबायचं. बेळगावहून फायबरची केबल आणली. ती एकाच दिशेने चालते. एका टोकाला 'सोर्स', दुसऱ्याला 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. ते न वाचता मी ती पाइपातून उलटी ओढली. रविवार गेला.

दिवाळीनंतर बोर्डावर आपोआप रेघा उमटायला लागल्या. पोरं म्हणाली, भूत आहे. हुबळीहून आलेल्या माणसाने फ्रेमच बदलायला सांगितली आणि आकडाही सांगितला. आमचे पॅनेल इन्फ्रारेडचे: काचेच्या कडेने न दिसणाऱ्या किरणांचं जाळं असतं, बोटाने किरण अडले की जागा कळते. किरण अडवायला बोटच पाहिजे असं नाही, धूळही पुरते. आणि आमच्या बोर्डाला खेटूनच खडूचा फळा! खालच्या पट्टीत पांढरा थर साचलेला. रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडला, भूत गेलं.

मराठीच्या मॅडम श्रीलिपीत टाइप करून आणतात, कन्नडचे सर नुडीत; दोन्हींचे फॉन्ट जुन्या पद्धतीचे, ज्या मशीनवर नसतील तिथे अक्षरं बिघडतात. बोर्डात ते फॉन्ट नाहीत, त्यामुळे दोघांच्याही स्लाइडवर एकाच जातीची इंग्रजी अक्षरांची खिचडी. सीमाभागात दोन्ही भाषांना इतका सारखा न्याय मी दुसरीकडे पाहिलेला नाही! आता दोघंही फॉन्टसकट पीडीएफ करून आणतात. नवं काही टाइप करायचं तर कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्येच, एवढं दोघांनी कबूल केलंय.

लाइट गेली की बोर्ड पुन्हा उभा राहीपर्यंत वर्ग हातचा जातो, म्हणून यूपीएस बोर्डाबरोबरच मागा. नंतर कोणी देत नाही.

तिसरा घ्यायचा का, म्हणून प्राचार्यांनी परवा विचारलं. घ्या म्हटलं, पण फळ्याच्या समोरच्या भिंतीवर नाहीतर लांब तरी लावा. गणिताचे सर खडू सोडणार नाहीत. त्यांचा तास संपला की मी ब्रश घेऊन जातो.