घरपोच मतपत्रिका, कॅलिफोर्निया २०२४ : शाई लावणाऱ्या बाईंचा अभिप्राय

पाचपैकी चार तारे.

सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, म्हणजे निवडणुकीची ड्युटी कधी चुकली नाही. बहुतेक वेळा मी मतदान अधिकारी क्रमांक दोन, म्हणजे बोटाला शाई लावणारी बाई. कॅलिफोर्नियात मुलाकडे आले, यथावकाश इथली नागरिक झाले आणि गेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पहिल्यांदा बसले. टेबल जेवणाचं, पण ते पुढे येईलच.

पाकीट आलं ऑक्टोबरात, पिझ्झाच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात. माझा जीवच वरखाली झाला. आम्ही मतपेट्या उशाशी घेऊन शाळेच्या फरशीवर झोपायचो आणि इथे मतपत्रिका कूपनांसोबत पडलेली! अर्ज करावा लागत नाही. २०२१च्या कायद्यापासून या राज्यात नोंदणी चालू असलेल्या प्रत्येक मतदाराला ती आपोआप येते. परतीच्या पाकिटाला तिकीट लागत नाही. ५ नोव्हेंबरपर्यंतचा टपालाचा शिक्का असेल आणि ते पुढच्या सात दिवसांत पोचलं, तरी मत धरतात. या बाबतीत पैकीच्या पैकी गुण.

आता आतला माल. राष्ट्राध्यक्ष-उपाध्यक्षपदासाठी सहा जोड्या, त्यांतले राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार : हॅरिस, ट्रम्प, ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन, लिबर्टेरियन चेस ऑलिव्हर, पीस अँड फ्रीडमच्या क्लॉडिया दे ला क्रूझ आणि रॉबर्ट केनेडी ज्युनियर. चिन्हं नाहीत. कपबशी नाही, शिट्टी नाही, नुसती नावं आणि पक्ष. १९९६ला बेळगावात लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते, त्यापुढे सहा म्हणजे काहीच नाही. खरं डोकं खातात ती मागची दहा प्रपोझिशन्स, म्हणजे मतदारांनीच हो किंवा नाही ठरवायचे राज्याचे प्रस्ताव. सोबत आलेलं माहितीपुस्तक आमच्या ह्यांनी अधोरेखित करत वाचलं, मी चहाबरोबर चाळलं.

केनेडींचं नाव बघून मी मुलाला हाक मारली. "अरे, हे तर ऑगस्टमध्येच बसले ना? ट्रम्पना पाठिंबा देऊन?" बसले होते, पण चुरशीच्या राज्यांतून नाव काढून घ्यायच्या खटपटीत होते. इथे ठेवलं. निकालात त्यांना या राज्यात जवळपास दोन लाख मतं पडली. आमच्याकडे माघारीची मुदत संपल्यावर बसलेल्या उमेदवाराचं नाव असंच यंत्रावर राहतं, आणि लोक त्याचंही बटण दाबतात.

त्यांच्या नावापुढचा पक्ष होता 'अमेरिकन इंडिपेंडंट'. नवीन मतदारांनी इथे सावध राहावं. नोंदणीच्या अर्जात मी याच चौकोनावर पेन टेकवलं होतं, कारण मला वाटलं इंडिपेंडंट म्हणजे अपक्ष. सुनेने हात धरला. कुठल्याच पक्षात नसाल, तर 'नो पार्टी प्रेफरन्स'वर खूण करायची. हा वेगळाच पक्ष आहे, १९६८ला वर्णभेदवाल्या जॉर्ज वॉलेसना याच पक्षाने उभं केलं होतं. वॉलेसनी तेव्हा पाच राज्यं जिंकली. त्यानंतर तिसऱ्या पक्षाच्या कुणालाही एकसुद्धा राज्य जिंकता आलेलं नाही.

मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर पसरली आणि घराचं विधिमंडळ झालं. मुलगा म्हणाला, "आई, तिसऱ्याला देऊन मत वाया घालवू नकोस. २०००ला फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी पुढे राहिले, आणि तिथे ग्रीन पक्षाच्या नेडरनी ९७ हजार मतं खाल्ली होती." सून म्हणाली, "आई, ते फ्लोरिडात. इथल्या चौपन्न इलेक्टरांचा निकाल आजच ठरलेला आहे. इथे मनासारखं मत दिलंत तर कुणाचं काय बिघडतं?" राष्ट्राध्यक्ष निवडतात ते हे इलेक्टर, आणि इथे राज्यात ज्याला सर्वांत जास्त मतं त्यालाच सगळे मिळतात. दोघांचंही खरं होतं. मला चीड आली ती त्याचीच. मत देण्याआधी आपण कुठल्या राज्यात राहतो याचा हिशोब करायचा? सातारा असो की सोलापूर, मुख्यमंत्री ठरवताना आमदार एकेकच मोजला जातो.

आमच्याकडे अनामत रक्कम वाचवायला एक षष्ठांश मतं लागतात. त्या मापाने १९९२ला राष्ट्राध्यक्षपदासाठी अपक्ष उभ्या राहिलेल्या रॉस पेरोंचं डिपॉझिट वाचलं असतं, जवळपास १९ टक्के मतं होती. पण इलेक्टर किती? शून्य. एवढी मतं घेतलेला माणूस साताऱ्याकडे हिंडला असता तर पुढच्या खेपेला सगळे पक्ष त्याच्या दारात उभे राहिले असते. १९९५ला आपल्याकडे पंचेचाळीस अपक्ष आमदार निवडून आले आणि युतीचं सरकार त्यांच्या पाठिंब्यावर उभं राहिलं. इथे निवडणुकीनंतर तिसऱ्याच्या दारात कुणी जात नाही, कारण त्याच्या हातात द्यायला काही उरतच नाही.

आमचे हे हायस्कुलात होते, शिक्षक मतदारसंघात मत द्यायचे. ते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "आमच्यासारखं नावांपुढे पसंतीक्रमाने १, २, ३ लिहू दिलं असतं तर तुमचं भांडणच मिटलं असतं." मेन राज्यात तशी सोय आहे, राष्ट्राध्यक्षपदासाठीसुद्धा, २०२०पासून. कॅलिफोर्नियात नाही. आणि 'नोटा'? तीही नाही. तसला पर्याय फक्त शेजारच्या नेवाडात छापतात.

शेवटी पाकीट बंद केलं, सही केली, अधिकृत पेटीत टाकलं. चार दिवसांनी काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीचं पत्र : सही जुळत नाही. चूक माझी. नोंदणीला इंग्रजीत सही केली होती आणि पाकिटावर सवयीने मराठीत. पत्रासोबतच्या फॉर्मवर पुन्हा सही करून पाठवली, आणि मत बाद न होता फोनवर संदेश आला की मोजलं गेलं. मतपत्रिका कुठपर्यंत पोचली हे कळवणारी ही सोय फुकट आहे, फक्त नाव नोंदवावं लागतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, अंगठे घेतले; माझी सही पहिल्यांदाच कुणी नाकारली. तपासणाऱ्याचं मला कौतुकच वाटलं.

मग एक तारा का कापला? गुप्ततेसाठी. पुठ्ठ्याचा आडोसा नाही, बाजूला उभं राहू नका म्हणणारा पोलीस नाही. सुशिक्षित, प्रेमळ माणसं दोन्ही खांद्यांवरून वाकून बघत होती. ज्या घरात सासरे किंवा नवरा पेन हातातून घेतात, तिथल्या बाईचं काय होत असेल? मी मतपत्रिका उचलली, झोपायच्या खोलीत गेले, आतून कडी लावली आणि पलंगावर पाट ठेवून त्यावर गोल काळा केला. बाहेर आले तर तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, भात गार होतोय.