एमजीबीसाठी १८६८ सीसीचं पिस्टन किट: नागपुरात बसवण्याआधी

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या बी-सिरीज इंजिनाला +६० चं (बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६० हजारांश इंचाने वाढवण्यासाठीचं) किट मागवलं की मूळ ८०.२६ मिमीच्या जागी ८१.७९ मिमीचे चार पिस्टन, रिंगा आणि पिना मिळतात. माल चांगला आहे. पण नुसत्या पिस्टनांनी गाडी वर्धा रोडवर पळू लागेल असं वाटत असेल तर हिशोब मांडून बघा: १७९८ वरून १८६८ सीसी, म्हणजे जेमतेम ४ टक्के वाढ. बोअर झिजलाय, वरच्या टोकाला नखाला अडेल अशी कड आलीय, तर हे किट जरूर घ्या. बोअर शाबूत असेल तर हेच पैसे हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागावर, घाला, ताकद तिथे आहे.

१९५० सीसीच्या मोहात पडू नका. त्यासाठी बोअर ८३.५ मिमीच्या आसपास न्यावा लागतो आणि सिलिंडरच्या भिंती पातळ होतात. नवतप्यात ४५ अंशांत सिग्नलला उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी +६० हीच शेवटची मर्यादा समजा.

ऑर्डर देण्याआधी इंजिन नंबर वाचा. १८ जीबी इंजिनात पिस्टनची पिन मोकळी फिरती असते आणि दोन्ही टोकांना सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या कडीने) अडवलेली असते, १८ व्ही मध्ये ती कनेक्टिंग रॉडमध्ये दाबून बसवलेली असते. चुकीचे पिस्टन आले तर सगळं काम अडकतं, आणि परदेशातून आलेला माल परत पाठवणं महागात पडतं.

बोअरिंगवाल्याला पिस्टन हातात दिल्याशिवाय ब्लॉकला टूल लावू देऊ नका. प्रत्येक पिस्टन मोजायचा, त्यावर सिलिंडरचा नंबर टाकायचा, किटच्या कागदावरची क्लिअरन्स धरायची आणि शेवटचं माप होनिंगनेच (बारीक दगडाने घासूनच) गाठायचं. घाईत टूलनेच पूर्ण माप काढलं तर रिंगा बसत नाहीत आणि गाडी तेल पिते. रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून फीलर गेजने तोंडाचं अंतर बघा: ०.३० मिमीपेक्षा कमी नको. कमी पडलं तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि बोअरवर ओरखडे येतात. हेड गास्केटही ब्लॉकवर ठेवून बघा. त्याची कड बोअरच्या आत डोकावली तर जळणार.

आता हेड. देशात शिसं घातलेलं पेट्रोल २००० सालीच बंद झालं. त्यामुळे कडक धातूच्या एक्झॉस्ट सीटा बसवलेल्या नसतील तर आधी त्या बसवा, नाहीतर व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातात आणि टॅपेटचं अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, नाहीसं होतं. सीटांच्या मधल्या भिंतीला तडा आहे का, हे डाय (तडा दाखवणारा रंग) टाकून तपासून घ्या. या हेडची ती जुनी खोड आहे. हेडला फेस मात्र सपाट होण्यापुरताच मारायचा, म्हणजे तळ तेवढाच घासायचा. मूळ कॉम्प्रेशनचं प्रमाण ८.८ ला १ आहे, पिस्टनचा खळगा पूर्वीइतकाच असेल तर मोठ्या बोअरने ते आपोआप ९.१ च्या घरात जातं. त्याहून वर नेलं तर उन्हाळ्यात चढावर नॉकिंग (इंजिनातली टकटक) ऐकू येईल.

ई-२० पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. एसयू कार्ब्युरेटरचा जेट नट एका वेळी एकच बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा, खाली घ्या आणि कार्ब्युरेटरमधला पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचलून ऐका: आरपीएम क्षणभर वाढून पूर्ववत झाले तर बरोबर, पडले तर अजून पातळ. पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉल सोसणाऱ्या आर-९ दर्जाचेच घ्या. जुने पाइप इथेनॉलने आतून सुटतात आणि त्याचा चुरा फ्लोट सुईत अडकतो. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्याने मधला उष्णतारोधक पत्रा कधीच काढून ठेवू नका. थर्मोस्टॅट ७४ अंशांचा बरा.

बसवताना हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, ४५ ते ५० पाउंड-फूट. सगळे आटे इंची, त्यामुळे पानेही इंचीच हवेत. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना चालवला की कोपरे गेले. टॅपेट थंड इंजिनावर ०.३८ मिमी, ९ च्या बेरजेने: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिला लावायचा, सातवा उघडला की दुसरा. कॅमशाफ्टही नवा असेल तर पहिल्यांदा सुरू करताना आयडलवर सोडू नका, २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर ठेवा. तेल २०डब्ल्यू-५०, जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं. इंजिन गरम असताना चालत्या गाडीत ५० पीएसआयच्या खाली तेलाचा दाब जाऊ नये.

८०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर हेडचे नट त्याच क्रमाने पुन्हा आवळा आणि लगेच टॅपेट तपासा, कारण गास्केट दबलं की रॉकर खाली येतो आणि अंतर घटतं.