नव्या व्हील सिलिंडरचे पैसे, जुन्याच सिलिंडरमध्ये वॉशर

कराडकडची एक जुनी ४०७, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसली म्हणून मालकाने ती गॅरेजला लावली. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेकचे शू ड्रमवर दाबणारे) नवे, लायनर (शूवरचा घासणारा थर) नवे, ब्रेक ऑइल नवं, असं सांगून पैसे घेतले गेले. दीड महिन्यात कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढू लागली आणि पेडल खाली बसू लागलं. चिपळूणला ड्रम उघडले तेव्हा उजवीकडे जुनाच सिलिंडर निघाला, वरून चंदेरी रंग मारलेला, आत फक्त नवे वॉशर, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी वाट्या. डावीकडे त्याहून वाईट प्रकार होता. पाइपच्या युनियनमध्ये, म्हणजे जोडात, बेअरिंगचा छर्रा बसवून नट आवळला होता. गळती थांबली, कारण त्या चाकाला ऑइलच जात नव्हतं. म्हणजे मागचं एक चाक ब्रेकविना घाटात फिरत होतं.

ही लबाडी महिनाभर का टिकते, ते समजून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. त्या ओलाव्याने सिलिंडरमध्ये गंजाचे बारीक खड्डे पडतात. उसाचा हंगाम संपल्यावर गाडी पावसाळाभर एका जागी उभी राहिली, तर वॉशर नेमका त्याच जागी चिकटून राहतो. त्यात लायनर झिजलेले असताना पिस्टन बाहेरच्या, चांगल्या भागात चालत असतो. नवे जाड लायनर टाकले की तो मागे ढकलला जातो आणि वॉशर थेट खड्ड्यांवर येतो. म्हणून ‘लायनर बदलले आणि गळायला लागलं’ ही तक्रार खोटी नसते. पॉलिश पेपर फिरवून किट (नव्या वॉशरचा संच) टाकलं तर वॉशरची नवी कड काही दिवस धरते, मग खड्डा तिला कापतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, आरशासारखा गुळगुळीत असेल तरच नुसतं किट चालतं. नखाला खड्डा लागला तर सिलिंडर फेकायचा.

आणखी एक फसवणूक अज्ञानातूनही होते. गळती हब सीलची (चाकाच्या मध्याशी एक्सलचं ऑइल अडवणाऱ्या), बदलला जातो सिलिंडर. पारख सोपी आहे. वाटीत पाणी घेऊन गळलेलं ऑइल एक थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, एक्सलचं गिअर ऑइल वर तरंगतं.

खरं काम कसं होतं ते डोळ्यांसमोर असलं की चोरी पकडता येते. पुढच्या चाकांना ठोकळे लावून, एक्सल घोडीवर (स्टँडवर) घेऊन चाक काढायचं. शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा ॲडजस्टर सैल केल्याशिवाय ड्रम ओढायचा नाही, आतल्या झिजेच्या कडेला शू अडकतात. ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो. पाइपचा नट फिरताना पाइपही पिळला जात असेल तर पाइपही बदलावा लागतो. तो खर्च मात्र खरा. नवा सिलिंडर बॅक प्लेटवर सैल ठेवून आधी पाइपचा नट हाताने चार आटे चढवायचा, मगच बोल्ट आवळायचे. उलट केलं तर आटे वाकडे धरतात. निपल (अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढायचं तोंड) वरच्या बाजूलाच हवा, खाली आला तर कितीही पंप मारा, एअर निघणार नाही. एका एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या सिलिंडरचा बोअर सारखाच पाहिजे. मिळाला तो लावला की गाडी एकीकडे ओढते.

रबराचे भाग फक्त ब्रेक ऑइलने धुवायचे. डिझेल, पेट्रोल, रॉकेल लागलं की वॉशर फुगतात आणि ब्रेक धरून राहतो. ऑइलने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन, गॅसवर भाजून पुन्हा ‘नवे’ म्हणून बसवले जातात. ऑइल आत मुरलेलं असतं, ड्रम तापला की ते परत वर येतं. असे लायनर बदलायचेच.

एअर काढताना इंजिन बंद ठेवायचं. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून (पेडलने ऑइलला दाब देणाऱ्या) सर्वात लांबच्या चाकाने. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये. पेडल दाबून धरायचं, निपल उघडायचा, बंद करायचा, मगच पाय उचलायचा. ब्रेक ऑइलची टाकी मध्येच रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात. बाटलीतलं ऑइल परत टाकीत ओतणाऱ्या माणसाकडे गाडी ठेवू नका. डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला लावा. त्याचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओलावा शोषल्यावर १४० पर्यंत येतो. घाटात पेडल मऊ पडण्याचं हेही एक कारण.

गाडी ताब्यात घेण्याआधी मागचा एक्सल उचललेलाच ठेवा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एकाने पेडल दाबावं, दुसऱ्याने प्रत्येक चाक हाताने फिरवून बघावं. न अडणाऱ्या चाकाचा निपल उघडला आणि पेडल दाबूनही ऑइल आलं नाही, तर पाइप कुठेतरी बंद आहे. पाचेक किलोमीटर चालवून आल्यावर ड्रमजवळ हात न्या. एक गरम, एक गार, तर ड्रम पुन्हा उघडा. पेडल अर्धा मिनिट दाबून धरलं की खाली सरकता कामा नये. कुठेच ओल नसताना सरकलं तर मास्टर सिलिंडर बघावा लागेल.

जुने सिलिंडर पोत्यात घालून मागून घ्या. बिलावर पार्टचं नाव, नग आणि पार्ट नंबर लिहून घ्या. साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हेल्पलाइन १९१५. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही, पण स्वतः गाडी चालवून त्यावरच पोट भरणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सवलत आहे. या ४०७ च्या मालकाकडे मात्र वहीतून फाडलेला कागद होता. त्यावर ‘ब्रेक काम’ आणि रक्कम, एवढंच.