उन्हाळी सुट्टी: अकादमींची फेलोशिप की कंपनीतली इंटर्नशिप?

पुढे संशोधनच करायचं असेल, तर तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आधी बघा. दोन महिने प्रयोगशाळेत काम आणि वर विद्यावेतन. अर्ज मात्र आदल्या हिवाळ्याच्या तोंडावरच भरावा लागतो. परीक्षा संपल्यावर शोधायला बसलात, तर वर्ष गेलं. गाडी बहुतेकदा अडते ती शिफारसपत्रावर. सरांना किंवा मॅडमना पंधरा दिवस आधी गुणपत्रिका आणि तुमच्या विषयाचा एक परिच्छेद द्या. त्यात ‘मला जीवशास्त्राची आवड आहे’ एवढ्याने भागत नाही: कोणता प्रश्न, कोणत्या पद्धतीने सोडवायचा, तेही लिहा.

नोकरी लवकर हवी असेल, तर कंपनी बरी. छोट्या कंपन्यांत मार्च-एप्रिलमध्येही जागा निघतात. काम, कालावधी, विद्यावेतन लेखी घ्या. ‘प्रशिक्षण शुल्क’ मागितलं, तर सरळ नाही म्हणा.