'ज्याची पार्टी त्यालाच दिसेल' असं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यापासून सावध राहा

सोलापुरात टॉवेल-चादरीचा धंदा पार्टीगणिक, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्यागणिक, ठरलेल्या भावावर चालतो. लातूरच्या दुकानदाराला एक भाव, कलबुर्गीच्या होलसेलरला दुसरा, हैदराबादच्या जुन्या पार्टीला तिसरा. उधारीची मुदतही वेगवेगळी. म्हणून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यासाठी सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी आणि व्यवहार सांभाळणारं, सॉफ्टवेअर घेताना अट एकच होती: ज्या सेल्समनची पार्टी, त्यालाच तिचा भाव दिसला पाहिजे.

बसवून देणाऱ्याने मान डोलावली. कोटेशनमध्ये 'डेटा सिक्युरिटी' अशी वेगळी ओळ टाकली, तिचे वेगळे पैसे घेतले आणि एका सेल्समनचं लॉगिन उघडून दाखवलं. यादीत खरोखर त्याच्याच पार्ट्या होत्या.

पुढे लातूरच्या पार्टीचा फोन आला. "काय ओ शेठ, कलबुर्गीला एवढ्यात देताय आणि आम्हालाच महाग?" त्यांनी सांगितलेला भाव अगदी बरोबर होता.

दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेतलं तेव्हा उलगडा झाला. त्या माणसाने फक्त यादीला फिल्टर लावला होता. फिल्टर समोर काय मांडायचं तेवढं ठरवतो, नोंदीला कुलूप लावत नाही. सर्चमध्ये दुसऱ्याच्या पार्टीचं नाव टाकलं की ती उघडत होती. रिपोर्टमध्ये सगळ्यांचे भाव येत होते आणि एक्सेलमध्ये उतरवूनही घेता येत होते. आतलं मूळ शेअरिंग, म्हणजे कोणाची नोंद कोणाला दिसेल ही सेटिंग, 'पब्लिक'च होतं. ते 'प्रायव्हेट' केलं की कोण कोणाच्या हाताखाली ही पदांची उतरंड मांडावी लागते, दोघांत मिळून असलेल्या पार्ट्यांसाठी शेअरिंगचे नियम लिहावे लागतात. हे सगळं काम त्याने टाळलं. वर प्रत्येक सेल्समनला 'सगळ्या नोंदी पाहा' ही परवानगी दिलेली. ती असली की शेअरिंग प्रायव्हेट करूनही काही उपयोग नसतो.

जाब विचारला तर म्हणतो, "साहेब, लिस्टमध्ये तर त्याचंच दिसतंय की!" याला मी अज्ञान म्हणणार नाही. न केलेल्या कामाचे पैसे घेतले, ही सरळ फसवणूक आहे, आणि याचा मला आजही संताप येतो.

तुम्ही असं सॉफ्टवेअर घेत असाल तर नुसती यादी बघून पैसे देऊ नका. सेल्समनच्या लॉगिनने दुसऱ्याची पार्टी सर्चमध्ये शोधा, रिपोर्ट काढा, एक्सेल उतरवून बघा, मोबाइल ॲपवरही हेच करा. पार्टी बंद दिसली तरी तिची कोटेशनं आणि बिलं वेगळी उघडून पाहा, कारण त्यांचं शेअरिंग कधीकधी स्वतंत्र असतं. बसवणाऱ्याचं स्वतःचं ॲडमिन लॉगिन चालू राहिलंय का, हेही विचारा. आमच्याकडे ते चालूच होतं.

ग्राहक आयोगाचा (पूर्वीच्या ग्राहक मंचाचा) आधार इथे सहसा मिळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे धंद्यासाठी सेवा घेणारा 'ग्राहक' या व्याख्येबाहेर जातो. त्यामुळे कोटेशनवर 'डेटा सिक्युरिटी' असे दोन शब्द चालवून घेऊ नका. कोणत्या पदाला कोणत्या नोंदी दिसतील, कोण बदलू शकेल, एक्स्पोर्ट (डेटा एक्सेलमध्ये उतरवणं) कोणाला, हे लिहून सही घ्या आणि शेवटचा हप्ता वरची तपासणी झाल्यावरच सोडा.