इंग्रजी माध्यमातून सेमीत: नऊ महिन्यांचा अनुभव

जून २०२४ मध्ये लेकीला इंग्रजी माध्यमातून काढून नाशिकमधल्याच एका अनुदानित मराठी शाळेत, सेमी-इंग्रजीच्या तुकडीत (गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून), तिसरीला घातलं. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. सासूबाई सोडल्या तर घरात कुणालाच हे पटलं नव्हतं. नणंदेनं तर सरळ विचारलं, ‘‘फी परवडेना का गं?’’ फीचा भाग होताच, कशाला लपवू? आधी बससकट ७२ हजार जायचे, इथे रिक्षावाल्या काकांचे धरून दहाच्या आत भागतं. पुस्तकं सरकारकडून.

पण खरं कारण गृहपाठ. दुसरीत ती ईव्हीएसची, म्हणजे परिसर अभ्यासाची, उत्तरं घडाघडा म्हणायची आणि ‘‘सॉइल म्हणजे काय गं?’’ विचारलं की गप्प. यंदा परिसर अभ्यासात आपला जिल्हा आला. पंधरा तालुके पाठ झाले आणि मग ‘‘सुरगाण्याला आपण कधीच का नाही गेलो?’’ म्हणून ती बाबाच्या मागे लागली. अभ्यासातून असा प्रश्न पहिल्यांदाच निघाला.

सुरुवातीचे तीन महिने मात्र रडारडीचे. जोडाक्षरं येईनात. सेमीत गणित इंग्रजीतून, त्यामुळे तिथे निभावलं. पण भाजीवाला ‘एकोणसाठ’ म्हणाला की ही माझ्या तोंडाकडे बघायची. एकदा तर ६१ म्हणून मोकळी झाली. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टला ‘साठ तीन’ म्हणायची पद्धत आणली तेव्हा मीही हसले होते. आता हसत नाही.

तक्रारी आहेत. तुकडीत ५६ मुलं. नोव्हेंबरात बाई विधानसभा निवडणुकीच्या कामाला गेल्या, दोन तुकड्या एकत्र बसवल्या आणि वह्या कोऱ्याच घरी आल्या. सगळे विषय एकत्र करून चार भागांत दिलेल्या, लिहायला कोरी पानं जोडलेल्या सरकारी पुस्तकानं दप्तर हलकं होईल वाटलं होतं, पण ती पानं कोरीच राहिली आणि वह्या वेगळ्या न्याव्याच लागल्या. जानेवारीत शासनानं ती पानं रद्द केली, बरं झालं. सगळ्यात बोचतं ते इंग्रजी बोलणं. मावसभावाशी फाडफाड बोलणारी पोर आता वाचते सगळं, बोलायची वेळ आली की लाजते.

बदलीची नोकरी असेल तर या वाटेला जाऊ नका, पुढच्या गावी पुन्हा माध्यम बदलायची पाळी येते. घरी मराठी असेल आणि संध्याकाळी अर्धा तास शेजारी बसणारं कुणी असेल तरच विचार करा. आणि प्रवेशाआधी दोन गोष्टी विचारा: सेमी कितवीपासून, आणि गणित-विज्ञान शिकवणारे शिक्षक स्वतः कोणत्या माध्यमातले? फळ्यावर इंग्रजी आणि समजावणं मराठीत, असंच बहुतेक चालतं. आमच्या बाईंचंही तसंच आहे. मला ते चालतं, तुम्हाला कदाचित चालणार नाही.

चौथीला इथेच ठेवतोय. इंग्रजी बोलण्याचं मे महिन्याच्या सुट्टीत काहीतरी करावं लागेल. क्लास लावायचा नाही, यावर सध्या तरी आम्ही दोघं ठाम आहोत.